डोक्यावर होडी

३० डिसेंबर, शनिवार. दुपारभर मी जेवणाच्या टेबलावर तीन पाठपिशव्या उघड्या टाकून सामानाची यादी तपासत होते. शिट्टी तीन, होकायंत्र एक, चांदीसारखं चकाकणारं पांघरूण तीन, बँडेज, मीठ-साखरेची पाकिटं, पंक्चरचं सामान. त्या दिवशी संकष्टी होती, त्यामुळे पोटात फक्त साबुदाणा. उद्या कष्टाचा दिवस, आज उपास कशाला, असं नवरा दोनदा म्हणाला. मी तेवीस वर्षं संकष्टी सोडलेली नाही. एका शर्यतीसाठी कशाला सोडायची?

या शर्यतीला इंग्रजीत अॅडव्हेंचर रेस म्हणतात. मराठीत साहसी शर्यत म्हटलं की दोरीवरून लोंबकळणारी माणसं डोळ्यांसमोर येतात, म्हणून मीही रेसच म्हणते. मी एक्कावन्न वर्षांची, बोरिवलीला राहते, मालाडच्या एका ऑफिसात खरेदी विभाग बघते. या रेसआधी चार वर्षं मी आमच्या भागातल्या धावणाऱ्या गटात होते. त्यातली शेवटची दोन वर्षं मी धावण्यापेक्षा पाण्याच्या टेबलावरच जास्त उभी होते. कोणी वाईट बोललं नाही, पण ज्याचा वेग कमी त्याच्या हातात ग्लास येतो, हे कळायला फार अक्कल लागत नाही.

माझी नणंद त्याच गटाची राणी. सेहेचाळीस वर्षांची, काटक. तिच्या घरी पदकं अडकवायला वेगळा खिळा नाही, अख्खा पडद्याचा रॉड आहे. अॅडव्हेंचर रेसचं तिनंच कुठूनतरी ऐकलं आणि मला फोन केला.

"वहिनी, तिघांचा संघ लागतो. सायकल, डोंगर, होडी. रस्त्यावर बाण नसतात. सकाळी नकाशा हातात देतात आणि मोबाईल पाकिटात सील करतात. नकाशा वाचणारं कोणी पाहिजे."

"आणि मी हळू चालते त्याचं काय?"

"तेच तर. तिघं एकत्रच पोचायचं असतं. शंभर पावलांपेक्षा लांब गेलं की बाद. म्हणजे मला तुझ्याबरोबर राहावंच लागणार, काय करणार!"

हे ती चेष्टेत बोलली, पण मला एकदम उत्साह चढला. मॅरेथॉनमध्ये मागे पडलेलं माणूस मागेच राहतं, पुढच्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. इथे मागच्याचा वेग तोच संघाचा वेग. त्यामुळे पुढच्याला मागच्याची पिशवी उचलावी लागते, त्याला खायची आठवण करून द्यावी लागते. एवढंच नाही, दोर बांधून ओढलं तरी चालतं. नियमातच तसं लिहिलंय. आणि जोरात पळत चुकीच्या दिशेला गेलं तर जोराचा काही उपयोग नाही. हा खेळ आपला आहे, असं मला नियमांचं पत्रक वाचतानाच वाटलं. ते मी पाठ केलं.

होकायंत्र शिकायला मी सोसायटीच्या बागेत जायची. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "वास्तूचं बघता का? आमच्या किचनचं पण जरा बघा ना." मी बघितलं. ओटा पूर्वेला होता. त्या खूश झाल्या, मला सराव झाला.

तिसरी बाई मी आणली. ती माझी मासेवाली. मनोरीची कोळीण, बोरिवलीच्या बाजारात बसते, अठरा वर्षं माझ्या घरी तिचेच मासे येतात. तिचे दंड बघितले तर होडीला दुसरं कोण शोधायचं, असा प्रश्नच पडत नाही. मी तिला मावशी म्हणते, खरं तर ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.

"बक्षीस काय हाय?" तिनं सुरमईचे तुकडे करता करता विचारलं.

"पदक."

"ते तलून खायाचं का रश्श्यात टाकायाचं?" मग सुरी थांबवून म्हणाली, "होरी कोन वल्हवनार?"

"तू. पुढे तू, मागे नणंद, मधे मी."

लहानपणी खाडीत ती वल्हं मारायची, सायकलवरून गोराईच्या शाळेत जायची. मोठी झाल्यावर दोन्ही सुटलं. तिच्या घरात होडीवर पुरुष जातात, बायका मासे विकतात. "एकतीस तारखेला?" ती म्हणाली. "थर्टीफर्स्टचा धंदा सोडून? सून बसंल गाल्यावर. येतंय मी."

ही एक दिवसाची शर्यत आम्हा तिघींना का हवी होती ते आधीच सांगते. मार्चमध्ये सह्याद्रीत दोन दिवसांची मोठी शर्यत होती. एक दिवसाची शर्यत वेळेत पूर्ण केलेल्या संघालाच, त्याच तिघांना, तिथे प्रवेश होता. आमच्या आवाक्यातली मार्चआधीची शेवटची एक दिवसाची शर्यत हीच. दुपारी चारला दरवाजा बंद. एक मिनिट उशीर झाला तर मार्च गेला. नणंदेला ते हवं होतं, कारण तिला रस्त्यावर धावण्याचा कंटाळा आला होता. मला हवं होतं, कारण मला परत पाण्याच्या टेबलावर जायचं नव्हतं. मासेवालीला का हवं होतं ते ती बोलली नाही, पण नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी ती भावाची होडी खाडीत काढत होती आणि भावाशी तिचं दोनदा भांडण झालं होतं.

रविवारी पहाटे आम्ही सायकली घेऊन बोटीनं गोराईला उतरलो. सहा वाजता फोन सील झाले आणि नकाशा हातात आला. मी मैदानातल्या एका बाकावर तो पसरला. आधी सायकलनं उत्तनकडे, तिथे डोंगरावर पायी फिरून सात खुणा शोधायच्या, मग सायकलनं मनोरी, आणि मनोरीहून होडीनं, खाडीतली एक शेवटची खूण घेऊन, परत गोराईला. होडीचा टप्पा शेवटी आहे हे आत्ताच कळलं होतं. म्हणजे भरती कधी, हा प्रश्न आला. भरती असेपर्यंत पाणी समुद्राकडून आत येतं, म्हणजे मनोरीहून गोराईकडे आपल्याला ढकलतं. ओहोटी लागली की तेच पाणी तोंडावर.

फोन नव्हता, पण मला हिशेब येत होता. मासेवालीनंच कधीतरी शिकवला होता: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. मी मोठ्यानं म्हटलं, "काल संकष्टी, म्हणजे चतुर्थी. आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारपर्यंत पाणी आपल्या बाजूनं." आणि नकाशाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: ३.४५. मासेवाली सायकलच्या चाकात हवा भरत होती. तिनं मान हलवली.

मुलाची फुटबॉलची चड्डी, त्याखाली काळी लेगिंग्ज, केसांत नेहमीचा गजरा, असा तिचा अवतार होता. शेजारच्या संघातली पोरं हसली. ती त्यांना म्हणाली, "हसा, हसा. डोंगरावर माझा वास येईल तिकडं या, रस्ता सापडंल."

डोंगरावर मी जो आनंद घेतला तो मला नीट सांगता येणार नाही. खूण म्हणजे झाडाला टांगलेला नारळाएवढा केशरी-पांढरा कापडी कंदील. तो लांबून दिसत नाही. नकाशावरच्या वेड्यावाकड्या रेषा बघायच्या, समोरचा उतार बघायचा, दोन्ही जुळले की म्हणायचं, "त्या विहिरीमागे." आणि तो विहिरीमागे असतो! आमच्यापेक्षा जोरात पळणारे दोन संघ आमच्या समोरून तीन वेळा इकडून तिकडे गेले. आम्ही चालत होतो आणि त्यांच्या पुढे होतो. चार वर्षं मी लोकांच्या पाठी बघितल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांचे चेहरे दिसले, आणि ते मला विचारत होते, "काकू, पाच नंबर कुठे मिळाला?"

"शोधा," मी म्हटलं.

सहाव्या खुणेच्या चढावर माझा दम संपला. नणंदेनं सामान बांधायची इलास्टिकची दोरी काढली, एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं माझ्या.

"गळ्यात बांधू का, वहिनी? जास्त जोर लागेल."

"भावाला काय सांगशील?"

"सांगेन, चढावर ढिली झाली म्हणून सोडून दिली."

तिनं मला वर खेचलं. माझी पाठपिशवी मासेवालीच्या पाठीवर होती आणि तिची स्वतःची पुढे पोटावर. नणंद धापा टाकत म्हणाली, "पंधरा पदकं मिळवली, पण कोणाला ओढलं नव्हतं." ती हसत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, शर्यतीत तो एरवी कधीच होत नाही.

मनोरीला पोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. रस्त्यावर थर्टीफर्स्टवाल्यांच्या गाड्यांची रांग होती. गाडीतले लोक आमच्याकडे बघून ओरडत होते, एकानं बियरचा कॅन दाखवला. सायकली जमा केल्या. होड्या जेट्टीजवळ होत्या, आम्ही गावात एका आंब्याखाली बसलो. तिथून पाणी दिसत नव्हतं. मासेवालीच्या पोटऱ्यांना गोळे येत होते, तीस-बत्तीस वर्षांनी एवढी सायकल मारली होती तिनं.

"चला, लगेच निघू," नणंद म्हणाली. "खायचं ते होडीत खाऊ."

"कशाला?" मी घड्याळ बघितलं. "पाणी पावणेचारपर्यंत चढणार. वल्हवायला तासभर. अर्धा तास थांबू, हिचे पाय मोकळे होऊ देत. पोळीभाजी खा."

"नक्की?"

"हे बघ, लिहिलंय." मी नकाशाची कड दाखवली.

मी नकाशा धरला होता, म्हणून तिनं ऐकलं. आम्ही अर्धा तास बसलो. चुकलं ते इथे.

दोन चाळीसला होडी पाण्यात लोटली. ही प्लॅस्टिकची पिवळी कयाक, तिघांची. चारपाच वल्ही मारल्यावर मासेवालीनं वल्हं आडवं ठेवलं आणि पाण्याकडे बघत राहिली. बाजूला एक दुधाची रिकामी पिशवी तरंगत होती.

"ही पिशवी चालत का नाय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पानी चढत असंल तर ती आत जाईल ना. जवलजवल थांबलीय. आता तीनला फिरंल पानी."

"तीनला कसं? पावणेचारला. आज पंचमी."

ती वळली. "पंचमी कशी गो? आज चवथ."

"काल संकष्टी होती! मी उपास केला!"

"संकष्टी चंद्राची असते. काल सकाली तीज व्हती, चवथ दुपारपासनं लागली, चंद्राला चवथ मिलाली म्हणून उपास काल. पान्याला सकालची तिथी धरायाची. आज सकाली चवथ. चार पाऊणे तीन."

मला तेवीस वर्षांच्या उपासांचा एकदम राग आला. "मग सकाळी बोलली का नाहीस? मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस!"

"मला वाटलं तू छापलेलं बघून बोलतंस. तू लिवलंस पन."

"आणि मला वाटलं, चुकलं असतं तर तूच थांबवलं असतंस. तू कोळीण!"

"भांडण उद्या करा," मागून नणंद ओरडली. "आत्ता हाणा!"

आम्ही हाणलं. वीस मिनिटं होडी बरी पळाली. मग तिचा वेग गेला. काठावरची कांदळवनं आधी मागे सरकत होती, ती आता एकाच जागी उभी राहिल्यासारखी झाली. मासेवालीनं आम्हाला मधून काढून अगदी कडेला नेलं, फांद्या तोंडावर आपटतील इतकं. कडेला ओढ कमी असते. तिचं वल्हं न थकता चाललं होतं आणि ती प्रत्येक वल्ह्याला "हेय, हेय" म्हणत होती. तीन वीसला आम्ही खाडीतल्या खांबावरची शेवटची खूण घेतली. आता फक्त गोराई. पण नकाशावर पुढे खाडीचं एक भलंमोठं वळण होतं, घोड्याच्या नालासारखं, आणि आम्ही चालत्या माणसाच्या निम्म्या वेगानं जात होतो.

"नाही होणार," नणंद म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "वहिनी, अर्धा तास."

आंब्याखाली घालवलेला अर्धा तास, मला माहीत होतं. मी नकाशा डोळ्यांजवळ घेतला. नालाच्या दोन टोकांमध्ये एक बारीक काळी रेघ होती. खाजणाचा बांध. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा जुना बांध, सरळ पलीकडे जाणारा.

"नियम काय आहे?" मी म्हटलं. "शेवटच्या खुणेनंतर तिघी आणि होडी एकत्र पोचली पाहिजे. होडी आपल्या खालीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मी पत्रक पाठ केलंय. नाही लिहिलेलं."

"मग कुठे पाहिजे?"

"आपल्या डोक्यावर."

मासेवाली इतकी जोरात हसली की होडी हलली. "बांधाला उतराया जागा हाय. आमी तिकडं निवट्या पकडायाचो. चिखल कमी हाय." निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे. त्या माशांच्या मागे ती दहाव्या वर्षी जिथे जायची, तिथे कांदळवनात खरंच एक फट होती. आम्ही मांडीभर चिखलात उतरलो. माझा एक बूट आत राहिला, तो मी कोपरापर्यंत हात घालून काढला.

बांधावर चढल्यावर मी होडीची मूठ धरून ओढायला लागले. "तशी नाय," मासेवाली म्हणाली. तिनं नणंदेचं महागडं जाकीट काढायला लावलं, त्याला पीळ दिला, गोल गुंडाळलं आणि चुंबळ केली. दुसरी माझ्या ओढणीची, तिसरी स्वतःच्या टॉवेलची. चुंबळ डोक्यावर, वर उलटी होडी, एक हात कडेला. "मान सरल. खाली बघायाचं नाय. मी पुढं हाय, माझ्या पायाचा आवाज ऐका आनि त्याच ठेक्यात टाका."

आणि आम्ही पळालो. मी पळाले! चार वर्षं गटात जमलं नाही ते त्या अरुंद बांधावर जमलं, डोक्यावर होडी, पायात अर्धा किलो चिखल, पुढे एक गजरा हलतोय आणि मागे नणंद मोजतेय, "एक-दोन, एक-दोन, वहिनी डावा, डावा तुझा!" होडीच्या आत आमचा श्वास घुमत होता. शेतात काम करणारी एक बाई उभी राहून बघत होती. तिनं काय समजूत करून घेतली असेल कोण जाणे. मासेवालीनं तिला ओरडून सांगितलं, "ताजी होरी! घेतंस का?"

बांध संपला तेव्हा तीन सेहेचाळीस. परत पाण्यात. समोर सरळ खाडी आणि त्या टोकाला गोराईची जेट्टी, तिच्यावर माणसं. ओढ तोंडावर होती, पण आता अंतर दिसत होतं, आणि दिसणाऱ्या अंतराशी भांडता येतं. नणंदेनं मागून जो जोर लावला, तो तिनं आयुष्यात कुठल्या पदकासाठी लावला नसेल. मी वल्हं मारताना रडत होते की घाम होता ते मला माहीत नाही आणि महत्त्वाचंही नाही. जेट्टीवर ती सकाळची पोरं उभी होती, आमच्या आधी दहा मिनिटं पोचलेली. ती ओरडत होती, "काकू, जोर! मावशी, जोर!"

आयोजकांच्या माणसानं तिघींचे हात आणि होडीचं टोक एका वेळी टेबलाला लावून घेतलं. तीन सत्तावन्न. आमच्या मागे एकही संघ वेळेत आला नाही, म्हणजे पूर्ण करणाऱ्यांत आम्ही शेवटच्या. त्यानं आमच्याकडे संशयानं बघितलं. "बांधावरून आलात का?"

"पत्रकात मनाई नाही," मी म्हटलं. "बघा."

त्यानं पत्रक काढलं, दोन्ही बाजू बघितल्या, शेजारच्याशी कुजबुजला. त्या एका मिनिटात मासेवालीनं माझा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. मग त्यानं यादीत आमच्या संघापुढे 'पूर्ण' लिहिलं आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी मनाई असेल."

नणंद जमिनीवर आडवी पडली होती. आकाशाकडे बघत ती म्हणाली, "वहिनी, अर्धा तास तू घालवलास."

"हो."

"आणि तूच परत आणलास."

"अर्धा. उरलेला हिनं."

"मग मार्चला नकाशा तूच धर," ती म्हणाली. "पण तू बोललीस की आम्ही दोघींनी मान हलवायची नाही. विचारायचं. नक्की कशावरून?"

मासेवाली गजरा शोधत होती. तो बांधावर कुठेतरी पडला होता. "मी पन," ती म्हणाली. "मी पन इचारीन."

दुसऱ्या दिवशी, एक जानेवारीला, मी पावणेसातला उठले, जिना उलटा उतरले कारण सुलटा उतरता येत नव्हता, आणि मार्चच्या शर्यतीचा अर्ज छापून बाजारात गेले. मी आणि नणंदेनं सही केली होती, तिसरी मासेवालीची. गाळ्यावर बांगडा आला होता, गिऱ्हाइकं उभी होती. मी पेन पुढे केला आणि म्हटलं, "इथे सही कर, बाकी मी भरलंय."

तिनं हात धुतले, पुसले, चष्मा लावला, सुनेला गिऱ्हाइकांकडे बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. चार पानं होती. तिसऱ्या पानावर तिनं मला दोन प्रश्न विचारले आणि एकाचं उत्तर मला आलं नाही. मी तिथेच बर्फाच्या पेटीवर बसून आयोजकांना फोन लावला.